फोन वाजतो, त्याआधी

पुण्याहून कुणीतरी तुम्हाला फोन लावतं. तुम्ही फुलचूरला आहात. दोन-चार सेकंदांत तुमच्या खिशातला फोन वाजतो. देशभर लाखो टॉवर उभे असताना ती हाक नेमकी याच टॉवरपर्यंत कशी पोचली?

मोबाइल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या तांत्रिक मुलाखतीत हा प्रश्न वेगवेगळी रूपं घेऊन येतो. फुलचूर हे गोंदिया शहराला लागून असलेलं गाव. इथल्या आसपासची इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर शिकणारी मुलं मुलाखतीसाठी नागपूर, पुणे, बेंगळुरू, नोएडा अशी जातात. सॅमसंगचं बेंगळुरूचं संशोधन केंद्र १९९६ पासूनचं, आणि नोएडातल्या त्यांच्या विस्तारित मोबाइल कारखान्याचं उद्घाटन ९ जुलै २०१८ ला झालं. मुलं पाठांतर भरपूर करून जातात: सी भाषेतले पॉइंटर, लिंक्ड लिस्ट, नेटवर्कचे सात थर. ते विचारलं जातंच. पण मुलाखत खरी रंगते ती समोरचा माणूस टेबलावरच्या फोनकडे बोट दाखवून एखादा साधा प्रश्न विचारतो तेव्हा. त्या साध्या प्रश्नांच्या पोटात काय काय दडलंय, हे पाहिलं की मी अजूनही थक्क होतो.

तर, हाक कशी पोचते? फोन नुसता खिशात पडून असतो तेव्हा तो कुठल्या टॉवरखाली आहे, हे नेटवर्कला ठाऊकच नसतं. त्याला फक्त इलाखा ठाऊक असतो, म्हणजे अनेक टॉवरांचा एक गट. फोन आला की त्या इलाख्यातले सगळे टॉवर एकदम पुकारा करतात. पुकाऱ्यात बहुतेक वेळा तुमचा नंबर नसतोच. वाटेत कुणी ऐकलं तरी माणूस ओळखू येऊ नये म्हणून नेटवर्कने तुमच्या सिमला एक तात्पुरतं नाव दिलेलं असतं, ते पुकारलं जातं. आणि तुमचा फोन? तो जवळजवळ सगळा वेळ झोपलेला असतो. एक-दोन सेकंदांतून एकदा, क्षणाच्या अगदी छोट्या अंशापुरता तो जागा होतो, आपलं नाव आलं का ते ऐकतो आणि पुन्हा झोपतो. कधी जागं व्हायचं ती वेळ फोनला आणि नेटवर्कला दोघांनाही आधीपासून माहीत असते. बॅटरी दिवसभर पुरते ती या झोपेच्या जोरावर.

इथे मुलाखत घेणारा पुढचा प्रश्न टाकतो: इलाखा मोठा ठेवाल की लहान? मोठा ठेवला तर एका फोनसाठी शेकडो टॉवरांना ओरडावं लागतं. लहान ठेवला तर फोनला सारखं उठून ‘मी आता या इलाख्यात आलो’ असं कळवत बसावं लागतं. बरोबर उत्तर असं एक नाहीच. या दोन खर्चांची तुम्ही सांगड कशी घालता, ते त्याला ऐकायचं असतं.

गोंदियाच्या मुलाने या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही, कारण त्याचा जिल्हाच हा प्रश्न आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातलं बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. दूरसंचार परवान्यांच्या नकाशात मात्र ही शेजारची दोन्ही राज्यं मिळून एकच सर्कल आहे, आणि आपण महाराष्ट्र-गोवा सर्कलमध्ये. डोंगरगडकडे जाणारी गाडी दरेकसा सोडून पुढे गेली की फोन दुसऱ्या सर्कलमध्ये शिरतो. हद्दीवरच्या गावात तर माणूस ओसरीवरच बसलेला असतो आणि त्याचा फोन कधी या बाजूच्या टॉवरकडे, कधी त्या बाजूच्या टॉवरकडे झुकत राहतो. दर वेळी नव्याने नोंद, दर वेळी थोडी बॅटरी खर्च. चौथ्या पिढीच्या नेटवर्कने यावर उपाय काढला: फोनला एकच इलाखा देण्याऐवजी इलाख्यांची यादीच द्यायची आणि सांगायचं, यातल्या कुठेही फिर, कळवू नकोस.

आता फोन उचलला. तुम्ही बोलायला लागलात. तुमचा आवाज पलीकडे जातो, असं आपण समजतो. या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट इथे आहे, कारण तो आवाज जातच नाही.

भारतात १९९५ च्या ३१ जुलैला पहिला मोबाइल कॉल झाला, कोलकात्याहून पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत तेव्हाचे केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा आलेल्या जीएसएम पद्धतीचं गणित पाहा. आवाजाची सेकंदाला ८,००० वेळा मोजणी होते. प्रत्येक मोजणीचे १३ बिट धरले तर सेकंदाला १,०४,००० बिट होतात. हवेत एवढी जागा नाही. मिळतात १३,०००. म्हणजे आठातले सात भाग टाकून द्यायचे आणि तरीही आईने आपल्याला आवाजावरून ओळखायचं.

मग फोन काय करतो? तो तुमच्या बोलण्याचे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाएवढे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकड्यासाठी स्वतःला विचारतो, हा आवाज काढताना या माणसाच्या घशाचा आणि तोंडाचा आकार कसा असेल? लहान-मोठ्या व्यासाच्या नळ्या एकापुढे एक जोडल्या आहेत असं मानून तो आठ आकडे काढतो. स्वरयंत्राच्या कंपनाची लय किती, ते नोंदवतो. जे या हिशेबात बसत नाही त्याची एक ढोबळ खूण ठेवतो. सगळे मिळून २६० बिट. ते पलीकडे जातात आणि पलीकडचा फोन त्या आकड्यांवरून एक घसा उभा करून त्यातून आवाज काढतो. पेटीचा सूर पाठवण्याऐवजी कुठल्या पट्ट्या दाबल्या आणि भाता किती ओढला, एवढंच लिहून पाठवावं, तसं हे आहे.

या विद्येत एक मोठं नाव कानपूरच्या बिष्णू अटल यांचं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकून ते अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये गेले. आवाजाच्या पुढच्या नमुन्याचा अंदाज मागच्या नमुन्यांवरून बांधायची रीत त्यांनी तिथे विकसित केली, आणि १९८५ मध्ये मॅनफ्रेड श्रोडर यांच्यासोबत त्यांनी मांडलेल्या पद्धतीची वंशावळ आजच्या फोनपर्यंत येते. हे कळलं की रोजच्या काही गोष्टींचा उलगडा होतो. सारसाची हाक किंवा देवळातली घंटा जुन्या फोनवरून विचित्र का ऐकू यायची? कारण फोन त्यांच्यासाठीही माणसाचा घसा शोधत असायचा. ‘स’ आणि ‘श’ची गल्लत का व्हायची? जुना फोन ३,४०० हर्ट्झच्या वरचं काही नेतच नसे, आणि ‘स’चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. आणखी एक. तुम्ही गप्प बसलात की फोन प्रक्षेपण जवळपास थांबवतो. पण पलीकडे एकदम शांतता पसरली तर माणसाला फोन कटला असं वाटेल, म्हणून पलीकडचा फोन आपणच हलकीशी खरखर तयार करून ऐकवतो. ऐकणाऱ्या माणसाच्या मनाची इतकी काळजी यंत्रात घालून ठेवणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

अंतराचा प्रश्नही असाच. जीएसएममध्ये एका वाहिनीवर आठ फोन आळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला मिलिसेकंदाच्या जेमतेम सहा दशांश एवढा वेळ. एक फोन टॉवरच्या पायथ्याशी आहे, दुसरा वीस किलोमीटरवर, आमगावच्या बाजूला. प्रकाशाच्या वेगाने जाऊन-येऊनही दूरच्या फोनला १३३ मायक्रोसेकंद उशीर होतो, म्हणजे त्याच्या पाळीचा जवळजवळ पाव भाग. तो शेजाऱ्याच्या पाळीत घुसणार. म्हणून टॉवर त्याला सांगतो: तू ३६ पायऱ्या आधीच बोलायला लाग. एक पायरी सुमारे साडेपाचशे मीटरची. पायऱ्या एकूण ६३, आणि म्हणून टॉवर कितीही ताकदवान असला तरी साध्या जीएसएमची हद्द ३५ किलोमीटरवर संपायची.

सॉफ्टवेअरच्या जागांसाठी परीक्षा वेगळी असते. सॅमसंगच्या संशोधन केंद्रांच्या भरतीत तीन तासांत एकच प्रोग्रॅम लिहायची चाचणी विद्यार्थ्यांच्या चांगल्या ओळखीची आहे. त्यात येणाऱ्या एका जातीचं कोडं आपल्या जिल्ह्यावर मांडून पाहू. फुलचूरहून निघायचं, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी, अर्जुनी मोरगाव आणि तिरोडा या सात तालुक्यांच्या गावी माल पोचवून परत यायचं. सगळ्यात कमी अंतराचा क्रम कोणता? सात गावांचे क्रम ५,०४०. सगळे तपासले तरी चालतं. गावं दहा केली की ३६,२८,८००. पंधरा केली की १,३०,७६७ कोटींच्या वर. सेकंदाला एक कोटी क्रम तपासणारा संगणक घेतला तरी ३६ तास लागतील, आणि परीक्षा तर तीन तासांची.

इथे बहुतेक मुलं अडतात. वाट अशी: फिरताना दोनच गोष्टी लक्षात ठेवायच्या, आतापर्यंत कोणकोणती गावं झाली आणि आत्ता आपण कुठे आहोत. ती गावं कुठल्या क्रमाने झाली हे विसरून जायचं, फक्त त्यातलं सगळ्यात कमी अंतर जपायचं. १९६२ मध्ये रिचर्ड बेलमन यांनी, आणि स्वतंत्रपणे हेल्ड व कार्प यांनी ही रीत मांडली. पंधरा गावांचं काम तिने सुमारे ७४ लाख पावलांवर येतं. दीड दिवसाचं काम सेकंदाच्या आत! हे पहिल्यांदा कागदावर सोडवताना होणारा आनंद नोकरी मिळण्या-न-मिळण्यापेक्षा फार वेगळा आहे.

छोटा पण माझ्या आवडीचा एक प्रश्न एसएमएसचा. इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, मराठीत ७० च का? निरोपाला जागा १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात, देवनागरीला सोळा लागतात. काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे ‘फुलचूर’ हा चार अक्षरी शब्द सहा जागा घेतो आणि ‘गोंदिया’ सात. इंग्रजी निरोपात एक देवनागरी अक्षर घातलं तरी सगळा निरोप सोळा बिटांच्या हिशेबात जातो. १६० ची मर्यादा १९८५ च्या सुमारास जर्मनीच्या फ्रिडहेल्म हिलेब्रांड यांनी टंकयंत्रावर वाक्यं टाइप करून, त्यांची लांबी मोजून पुरेशी ठरवली. त्या मोजणीत आपली लिपी नव्हती.

मुलाखतीच्या शेवटी विचारतात, ‘तुम्हाला काही विचारायचंय का?’ बरीच मुलं पगार विचारतात, काही नुसती मान हलवतात. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलात ज्याच्या फोनची रेंज गेली असेल, त्याने तिथलाच प्रश्न विचारावा: टॉवरच आकाशात असेल तर काय कराल? सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने धावतो. थेट डोक्यावर असला तरी हाक एका बाजूने पोचायला १.८ मिलिसेकंद लागतात, म्हणजे जीएसएमच्या तीन पाळ्या केव्हाच उलटून गेलेल्या. शिवाय वेगामुळे लहरींची वारंवारताही सरकते. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या मोबाइल मानकांच्या सतराव्या आवृत्तीने यासाठी काम फोनवरच सोपवलं. फोन आपली जागा जीपीएसवरून काढतो, उपग्रह आपली कक्षा सांगत जातो, आणि किती आधी बोलायचं, किती सूर सरकवून बोलायचं, याचा हिशेब पहिला शब्द पाठवण्याआधी फोन स्वतःच करून ठेवतो.