लढाऊ विमानांतून प्रवासी विमानाकडे

लढाऊ विमानाचा वैमानिक हा वैमानिकांतील शिरोमणि समजला जातो. तेव्हां सैन्य सोडून तो प्रवासी विमानें चालवूं लागला म्हणजे त्याला तें काम अगदीं सोपें जात असावें, असा साधारण समज आहे. हा समज कितपत खरा आहे, तें आज अमेरिकेच्या उदाहरणावरून पाहूं. कारण त्या देशांत हा मार्ग पिढ्यान्‌पिढ्या रुळलेला आहे.

प्रथम दोन्ही कामांतील भेद ध्यानीं घेतला पाहिजे. एफ-१६ सारखें विमान वेगानें वळतांना वैमानिकाच्या देहावर त्याच्या वजनाच्या नऊपट भार येऊं शकतो. उलट, प्रवासी विमान असें वळवावें लागतें कीं, उताराच्या पेल्यांतील पाणीहि हिंदकळूं नये. लढाऊ विमानांत पुष्कळदां एकच मनुष्य असतो. संकट अनावर झाल्यास आसनासह बाहेर फेकलें जाण्याची त्याला सोय असते. प्रवासी विमानांत ती सोय नाहीं. मागें बसलेल्या शेंदीडशें जीवांचें जें होईल, तेंच वैमानिकाचें!

दुसरी अडचण तासांची. २००९ सालीं बफेलो नगराजवळ झालेल्या अपघातानंतर तेथें कायदा झाला आणि २०१३ पासून सहवैमानिकासहि सामान्यतः १५०० तासांच्या उड्डाणाचा अनुभव आवश्यक ठरला. सैनिकी वैमानिकास ७५० तासांवर मर्यादित परवाना मिळूं शकतो. ही सवलत उगीच नाहीं. लढाऊ विमानाची फेरी बहुधा तासा-दीड तासांत आटोपते. त्यामुळें अनुभव सखोल असूनहि वहींतील आंकडा हळूहळू वाढतो.

तिसरी गोष्ट मनाला अधिक झोंबणारी आहे. तेथील मोठ्या कंपन्यांत ज्येष्ठता रुजूं झालेल्या दिवसापासून मोजतात. विमान कोणतें, मुक्काम कोठें, कप्तानपद केव्हां, हें सारें त्या क्रमावर अवलंबून असतें. काल ज्याच्या आज्ञेंत तुकडी होती, तो आज यादीच्या तळाशीं सहवैमानिक म्हणून बसतो.

परंतु खरी परीक्षा याहून वेगळी आहे. १९७७ सालीं टेनेरीफ बेटावर दोन विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसें मृत्युमुखीं पडलीं. कप्तानाच्या अधिकारापुढें इतरांची शंका दबून जाते, हा धोका त्या अपघातानें जगापुढें ठळकपणें मांडला. पुढें १९८१ पासून युनायटेड कंपनीनें विमानांतील सहकार्याचें पद्धतशीर शिक्षण सुरू केलें. कनिष्ठानें निर्भयपणें बोलावें आणि वरिष्ठानें तें ऐकावें, हें त्याचें सार. एकट्यानें निर्णय घेण्याची संवय जडलेल्यास हा धडा गिरवावाच लागतो.

तो गिरवला म्हणजे काय होतें, हें चेस्ली सलेनबर्गर यांच्या उदाहरणावरून दिसतें. सैन्यांत फँटम विमान चालवून ते १९८० सालीं प्रवासी सेवेंत आले. १५ जानेवारी २००९ रोजीं न्यूयॉर्कहून उडतांच पक्ष्यांच्या थव्यामुळें त्यांच्या विमानाचीं दोन्ही इंजिनें निकामी झालीं. त्यांनीं सूत्रें स्वतःकडे घेतलीं. सहवैमानिक जेफ्री स्काइल्स यांनीं इंजिन पुन्हां सुरू करण्याचे उपाय चालविले. विमान हडसन नदीस टेकण्यापूर्वीं कांहीं सेकंद सलेनबर्गर यांनीं स्काइल्सना, दुसरा कांहीं उपाय सुचतो काय, असें विचारलें. सुमारें साडेतीन मिनिटांचा हा सारा खेळ. परंतु विमानांतील सर्व १५५ माणसें वांचलीं.

वीस हजारांच्या घरांत तासांचा अनुभव असलेला कप्तान मृत्यु समोर दिसत असतां शेजाऱ्याचें मत विचारतो, हें मला फार महत्त्वाचें वाटतें. हाताचें कौशल्य व चित्ताचें स्थैर्य हें लढाऊ विमानानें दिलेलें भांडवल खरें. परंतु मीपणा खालीं ठेवून दुसऱ्याचें ऐकण्याची विद्या मात्र नव्या पेशांत कमवावी लागते. प्रवाशांचे प्राण सुरक्षित राहतात, ते या दोहोंच्या मिलाफामुळें.