सवलतीच्या साइटवरून हॉटेल बुक केलं तर पॉइंट मिळतात का? : एका साध्या प्रश्नाचा संशोधन-प्रश्न कसा होतो



पेट किंवा नेट-सेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "संशोधनाचा विषय सापडतो तरी कुठे?" पुस्तकात त्याचं उत्तर 'साहित्याचा आढावा घ्या' असं असतं. ते बरोबरच आहे. पण कधीकधी विषय हॉटेलच्या काउंटरवरही सापडतो. आज तसंच एक उदाहरण घेऊ. यात तुमच्या खिशाचाही प्रश्न आहे, कारण पीएचडीला लागलात की परिषदांना जावं लागणार आणि मुक्कामाचे पैसे आधी स्वतःच भरावे लागणार.

झालं असं की...

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पोस्टर सादर करायला एका परिषदेला गेले होते. जवळच एका मोठ्या साखळीतलं हॉटेल होतं आणि एका सवलतीच्या साइटवर ते स्वस्त मिळत होतं. मी त्या साखळीची सदस्यही होते (सदस्यत्व फुकट असतं, कुणीही घेऊ शकतं). म्हटलं, सवलतही मिळेल आणि पॉइंटही. साइटवर पूर्ण पैसे भरून टाकले.

काउंटरवर सदस्य क्रमांक सांगितला, तर तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅडम, हे बुकिंग थर्ड पार्टीचं आहे. यावर पॉइंट येणार नाहीत. आणि खोलीचं बिलही तुम्हाला साइटकडूनच घ्यावं लागेल."

पॉइंटचं फार वाईट वाटलं नाही. बिलाचं मात्र महागात पडलं. लेखा विभागाला हॉटेलचं बिल हवं होतं आणि माझ्याकडे होतं साइटचं व्हाउचर. फाइल दोनदा परत आली. विज्ञान शाखेच्या जेआरएफला पहिली दोन वर्षं आकस्मिक निधी मिळतो वर्षाला १२,००० रुपये. त्यातला मोठा हिस्सा असा अडकला की काय होतं, ते वेगळं सांगायला नको.

पैसे शेवटी मिळाले. पण प्रश्न डोक्यात राहिला: झोपले मी, खोली तीच, हॉटेल तेच, मग पॉइंट का नाहीत?

पहिली पायरी : व्याख्या तपासा

संशोधन पद्धतीच्या पेपरला आपण 'कार्यात्मक व्याख्या' पाठ करतो. म्हणजे एखादी संकल्पना प्रत्यक्षात कशी मोजायची ते ठरवणं. इथे तिचा उपयोग बघा.

आपण समजतो की पॉइंट 'मुक्कामाबद्दल' मिळतात. नियमात मात्र शब्द असतो 'पात्र दराने केलेला मुक्काम'. मॅरियट, हिल्टन, आयएचजी, हयात या मोठ्या साखळ्यांचा सर्वसाधारण नियम एकच आहे: बुकिंग आमच्या साइटवरून, ॲपवरून, फोनवरून किंवा थेट हॉटेलात केलेलं हवं. एक्सपीडिया, बुकिंग डॉट कॉम, अगोडा, मेकमायट्रिप अशा साइटवरून आलेला मुक्काम पात्र धरत नाहीत. पॉइंट मिळत नाहीत आणि दर्जा वाढवण्यासाठी त्या रात्रीही मोजल्या जात नाहीत. दर्जा असलेल्या सदस्याला एखादं हॉटेल सौजन्य म्हणून वरची खोली किंवा उशिरा चेकआउट देतं, पण ते हक्काने मागता येत नाही.

थोडक्यात, तुम्ही कुठे झोपलात याला महत्त्व नाही. पैसे कोणत्या दाराने आले, याला आहे.

दुसरी पायरी : 'का' विचारा

अमेरिकन एअरलाइन्सने १९८१ मध्ये आपली मैलांची योजना सुरू केली. १९८३ मध्ये हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलांसाठी तशाच योजना आणल्या. तेव्हा इंटरनेटवरच्या बुकिंग साइट नव्हत्या. स्पर्धा होती हॉटेल विरुद्ध हॉटेल.

नंतर साइट आल्या आणि गणित बदललं. साइट हॉटेलकडून कमिशन घेते, साधारण १५ ते २५ टक्के. म्हणजे ५,००० रुपयांच्या खोलीमागे ७५० ते १,२५० रुपये साइटकडे जातात. शिवाय अनेक करारांत 'दर-समानता' नावाची अट असायची: आमच्या साइटवर जो दर, त्यापेक्षा कमी दर हॉटेलने स्वतःच्या साइटवर दाखवायचा नाही. आपल्याकडेही हा वाद झाला. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या प्रकरणात हॉटेलांवर लादलेली दर-समानतेची अट हा एक मुख्य मुद्दा होता.

मग हॉटेलांनी काय केलं? जाहीर दर तोच ठेवला आणि लॉगिन केलेल्या सदस्याला वेगळा, थोडा कमी 'सदस्य दर' द्यायला सुरुवात केली. तो सगळ्यांना दिसत नाही, म्हणून तो जाहीर दर धरला जात नाही. हिल्टनने २०१६ मध्ये याचीच मोठी जाहिरात मोहीम चालवली.

आता चित्र स्पष्ट होतं. पॉइंट म्हणजे, कमिशन वाचवून दिल्याबद्दल हॉटेल तुम्हाला देत असलेला वाटा. तुम्ही साइटवरून आलात, तर तो वाटा साइटकडे आधीच गेलेला असतो.

याचं टोकाचं उदाहरण म्हणजे हॉटवायरसारख्या साइट. तिथे पैसे भरेपर्यंत हॉटेलचं नावच कळत नाही, फक्त परिसर आणि तारे दिसतात. दर मात्र खूप कमी असतो. अर्थशास्त्रात याला 'किंमत-भेद' म्हणतात. ज्याला 'कुठलंही चालेल', त्याला रिकामी खोली स्वस्तात द्यायची आणि ज्याला 'हेच हॉटेल हवं', त्याच्याकडून पूर्ण दर घ्यायचा. अशा बुकिंगवरही पॉइंट दिले, तर निष्ठावान ग्राहकही त्याच दाराने येईल आणि सगळी रचना कोसळेल.

तिसरी पायरी : हिशोब मांडा

'पॉइंट मिळत नाहीत म्हणजे साइट वाईट', असा निष्कर्ष लगेच काढू नका. आकडे मांडू. हे आकडे सोयीसाठी घेतले आहेत, तुमचे तुम्ही बदला.

समजा, दोन रात्रींचे थेट बुकिंगचे ९,००० रुपये. डॉलर ९० रुपये धरला तर १०० डॉलर. मॅरियटच्या बहुतेक ब्रँडमध्ये साध्या सदस्याला एका डॉलरला १० पॉइंट मिळतात, म्हणजे १,००० पॉइंट. एका पॉइंटची किंमत ५० पैसे धरू, म्हणजे ५०० रुपये. सदस्य दराची सवलत ३ टक्के धरू, म्हणजे २७० रुपये. आता तीन माणसं घ्या.

पहिली, वर्षातून एकदाच प्रवास करणारी संशोधक विद्यार्थिनी. मॅरियटमध्ये २४ महिने काहीच हालचाल झाली नाही, तर पॉइंट बाद होतात. तिचे हजार पॉइंट बहुधा वायाच जाणार. तिच्यासाठी थेट बुकिंगचा फायदा फक्त २७० रुपये, म्हणजे ३ टक्के.

दुसरा, वर्षात पाच-सहा वेळा जाणारा आणि पॉइंट खरोखर वापरणारा. त्याचा फायदा ७७० रुपये, म्हणजे साधारण साडेआठ टक्के.

तिसऱ्या, वर्षाला ५० रात्री पूर्ण करून प्लॅटिनम दर्जा मिळवलेल्या प्राध्यापक मॅडम. बऱ्याच ब्रँडमध्ये त्यांना नाश्ता फुकट. दोन दिवसांच्या नाश्त्याचे १,००० रुपये धरले, तर फायदा १,७७० रुपये, म्हणजे जवळजवळ २० टक्के. (दर्जामुळे त्यांना जादा पॉइंटही मिळतात, ते धरलेलेच नाहीत.)

हा प्रत्येकाचा समतोल बिंदू. साइटवरची सवलत त्यापेक्षा जास्त असेल तर साइट घ्या, कमी असेल तर थेट बुक करा. साइटवर १० टक्के सवलत असेल, तर पहिल्या दोघांनी साइटवर जावं आणि मॅडमनी थेट बुक करावं. एकच खोली, एकच तारीख, तरी उत्तरं वेगळी! म्हणून संशोधनात 'सरासरी फायदा किती' एवढ्यावर थांबायचं नसतं, 'कुणाला किती' हेही विचारायचं असतं.

माझी चूकही इथेच होती. मी पॉइंट धरले, पण बिलाची किंमत धरलीच नव्हती. परतावा अडकण्याची शक्यता आणि रद्द केल्यास पैसे न मिळण्याची शक्यता, हेही खर्चच आहेत.

दोन्ही हवं असेल तर?

काही रस्ते आहेत:

१. गुगलवर किंवा तुलना करणाऱ्या साइटवर दर बघा, पण शेवटी हॉटेलच्या स्वतःच्या साइटवर जाऊन बुक करा. शोधायला कुठलंही दार चालतं, पैसे भरायचं दार महत्त्वाचं.

२. 'सर्वोत्तम दराची हमी' वापरा. मॅरियटमध्ये थेट बुकिंग केल्यापासून २४ तासांत दुसरीकडे कमी दर दाखवलात, तर तो दर लावून वर २५ टक्के सवलत किंवा ५,००० पॉइंट मिळतात. हॉटेल, खोलीचा प्रकार, तारखा आणि रद्द करण्याच्या अटी मात्र तंतोतंत जुळाव्या लागतात. नाव लपवणाऱ्या साइटचा दर चालत नाही. दिसताक्षणी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

३. साइटवरूनच जायचं असेल, तर साइटची स्वतःची योजना वापरा. बुकिंग डॉट कॉमची जीनियस ही तशीच. शक्य असेल तिथे 'हॉटेलात पैसे भरा' हा पर्याय निवडा आणि हॉटेलचं बिल मिळेल का, हे आधी फोन करून विचारा.

४. संस्थेच्या पैशाने जाणार असाल, तर आधी लेखा विभागात जाऊन कोणती कागदपत्रं लागतात ते विचारा. ही पाच मिनिटं कुठल्याही पॉइंटपेक्षा मोलाची आहेत.

चौथी पायरी : आता संशोधन-प्रश्न

समजा, तुम्हाला एखाद्या साखळीचा विदा मिळाला आणि त्यात सदस्य लोक बिगर-सदस्यांपेक्षा जास्त रात्री राहतात असं दिसलं. 'योजनेमुळे निष्ठा वाढते' असं लिहून मोकळं व्हायचं का? नाही. जे मुळातच जास्त फिरतात, तेच सदस्य होतात. हा निवडीमुळे येणारा पूर्वग्रह. त्यातही साइटवरून आलेल्या रात्री सदस्याच्या खात्यावर चढतच नाहीत, म्हणजे मोजमापच अपुरं.

मग चांगला प्रश्न कसा असेल? उदाहरणार्थ: 'सदस्य दराची सवलत वाढवल्यावर, आधी साइटवरून येणाऱ्या ग्राहकांपैकी किती जण थेट बुकिंगकडे वळतात?' इथे सवलत हा स्वतंत्र चल, बुकिंगचा मार्ग हा परतंत्र चल. तुलना त्याच ग्राहकांची, बदलाच्या आधी आणि नंतर. आणि सोबत सवलत न वाढवलेली हॉटेलं तुलनेसाठी हवीत, नाहीतर सुट्ट्यांच्या हंगामाचा परिणाम तुम्ही सवलतीच्या नावावर लिहाल.

बघा, 'मला पॉइंट का नाही दिले?' या तक्रारीपासून आपण कुठवर आलो. व्याख्या तपासली, कारण शोधलं, हिशोब मांडला, मग प्रश्न घडवला. पेटच्या मुलाखतीत विषय कसा सुचला असं विचारलं, तर असं एखादं खरं उदाहरण सांगता आलं पाहिजे.

तुमच्या पुढच्या मुक्कामाचा समतोल बिंदू मात्र बुकिंगचं बटण दाबायच्या आधी काढा. आणि हो, बिल आठवणीने मागा!