गळक्या नळाचा हिशेब

आमच्या स्वयंपाकघरातला नळ गळायला लागला, त्याला तीन महिने झाले होते. सुरुवातीला मूठ जरा दाबून फिरवली की तो गप्प बसायचा. पुढे दाबूनही ऐकेना. टप्, टप्, टप्. मला त्याची सवय झाली. नळ गळायचेच, गुडघे दुखायचेच, या वयात दुसरं काय व्हायचं, अशी समजूत घालून मी शांत झोपत होतो.

प्लंबर एकदा येऊन गेला होता. त्याने नळ उघडूनसुद्धा पाहिला नाही. ‘‘काका, याचं स्पिंडल आता मिळत नाही. अख्खा नळच बदला,’’ म्हणाला. नव्या नळाची किंमत ऐकून मी ‘बघू’ म्हटलं. आपल्याकडे ‘बघू’ म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मग एका रात्री दोनच्या सुमारास मला जाग आली. स्वयंपाकघरात दिवा होता. बायको नळाखालचं पातेलं बादलीत रिकामं करत होती.

‘‘तू कशाला उठलीस?’’

‘‘तीन लिटरचं आहे हो. या वेळेला भरत येतं. मग वाहून जातं सगळं.’’

‘‘रोज उठतेस?’’

ती काही बोलली नाही. पातेलं पुन्हा नळाखाली ठेवून, ओटा पुसून झोपायला गेली. मला मात्र झोप लागेना. तीन महिने मला नळाचा त्रास झाला नव्हता, कारण तो त्रास घरातलं दुसरं माणूस रोज रात्री उठून काढत होतं.

हे तिच्यात कुठून आलं, ते मला ठाऊक आहे. २०१६ साली मी बँकेच्या लातूर शाखेत होतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदीचा हुकूम लागला आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी, सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा प्रवास. शाखेत आलेल्या खातेदारापुढे पाणी ठेवलं, तर तो आपणहून ‘अर्धाच ग्लास द्या’ म्हणायचा. घरी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी संडासाला, असा क्रम होता. तो उन्हाळा संपला, आम्ही पुण्याला आलो. मी तो विसरलो. ती विसरली नाही.

सकाळी मी पाणी मापाने मोजलं. बादलीत तीन लिटर आणि पातेल्यात अडीच. रात्री दहा ते सकाळी सहा, आठ तासांत साडेपाच लिटर. बँकेतल्या माणसाचा हात अशा वेळी आपोआप कागदाकडे जातो. दिवसाला साडेसोळा लिटर, वर्षाला सहा हजारांच्या वर. आमच्या सोसायटीत ८४ घरं आहेत. प्रत्येक घरात असा एकेक नळ गळत राहिला, तर लातूरला आलेली ती पहिली रेल्वे आम्ही एका वर्षात मोरीत सोडून देऊ. तुमच्या घरचा नळ गळत असेल, तर एक रात्र मोजून पाहा. कानाला जे थोडं वाटतं, ते मापात तसं राहत नाही.

त्याच दिवशी मी पाना घेऊन ओट्याशी उभा राहिलो.

आमच्या लहानपणीचा नळ समजायला सोपा होता. मूठ फिरवली की दांडा खाली जायचा आणि त्याच्या टोकाचा वायसर पाण्याच्या भोकावर दाबून बसायचा. वायसर झिजला की वडील जुन्या चपलेच्या रबराचा तुकडा गोल कापून बसवत. आताच्या, पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात तो वायसर नाही. त्याच्या जागी बोटभर लांबीचं पितळी कार्ट्रिज असतं. प्लंबर त्यालाच स्पिंडल म्हणतात. त्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटून असतात. एक जागेवर स्थिर, दुसरी मुठीबरोबर फिरणारी. भोकासमोर भोक आलं की पाणी सुरू, सरकलं की बंद. चकत्या इतक्या सपाट आणि गुळगुळीत असतात की मध्ये रबर लागतच नाही. तळाशी असलेली एक रबरी कडी त्यांना दाबून धरते, एवढंच.

सिंकखालचा कॉक बंद केला, नळ उघडून उरलेलं पाणी जाऊ दिलं आणि सिंकच्या जाळीवर फडकं पसरलं. नाहीतर पहिला स्क्रू तिथूनच जातो. मुठीवरची टिकली काढली, स्क्रू सोडवला, मूठ वर ओढली. कार्ट्रिज मात्र क्षारांनी धरून ठेवलं होतं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं, तेव्हा कुठे पान्याला दाद मिळाली. निघेल तो भाग त्याच क्रमाने वर्तमानपत्रावर मांडत गेलो.

चकत्यांना तडा नव्हता, टवका उडालेला नव्हता. तसं असतं, तर कार्ट्रिज नवंच लागलं असतं. आमच्या बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार तेवढा त्यांच्यावर बसला होता. न खरवडता व्हिनेगरमध्ये टाकल्या. बारीक बुडबुडे येऊन स्वच्छ झाल्या. तळाची कडी दबून चपटी झाली होती आणि बाहेरची ओ-रिंग कडक. दोन्ही नमुने खिशात घालून हार्डवेअरच्या दुकानात गेलो. मापाच्या कड्या मिळाल्या, सिलिकॉन ग्रीसची छोटी ट्यूबही. ‘‘दुसरं तेलबिल लावू नका काका, रबर फुगतं,’’ दुकानदाराने बजावलं. नव्या नळाच्या दहाव्या हिश्श्यातही एवढा खर्च आला नाही.

सगळं बसवून कॉक उघडला, तर मूठ बंद असताना धो धो पाणी! फिरती चकती चुकीच्या बाजूने बसली होती. बायको दारातून म्हणाली, ‘‘प्लंबरला बोलावू का?’’ मी पुन्हा सगळं खोललं. दुसऱ्या खेपेला जमलं.

त्या रात्री खात्रीसाठी पातेलं नळाखाली ठेवलं. दोन वाजता मी जाऊन पाहिलं. कोरडं होतं. मागे वळलो, तर बायको उभी. सवयीने उठली होती.

‘‘गळत नाही,’’ मी म्हटलं.

‘‘ऐकते आहे ना,’’ ती म्हणाली आणि आत जाऊन झोपली.

सकाळी त्या पातेल्यात दूध तापत होतं.