चंचल मनाची गणती

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यातील हुपरी हे गाव चांदीच्या दागिन्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे अनेक घरांतून पैंजण घडतात. बारीक कड्या जोडाव्या, घुंगरू बसवावे, अशा कामाला हात स्थिर हवा आणि चित्त त्याहून स्थिर हवे. अशा घरातील एखादे मूल घटकाभरही एका जागी बसेना, हाती घेतलेले काम अर्धवट टाकून उठू लागले, तर त्याला ‘द्वाड’ ही पदवी मिळण्यास उशीर लागत नाही. कधी पाठीत धपाटाही बसतो.

परंतु असे प्रत्येक मूल द्वाड नसते. काहींच्या मेंदूची घडणच अशी असते की, अवधान टिकविणे आणि मनातील ऊर्मी आवरणे त्यांना फार जड जाते. वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘एडीएचडी’, म्हणजे अवधानाची उणीव व अतिचंचलता, असे म्हणतात. ती पुष्कळदा आनुवंशिक असते. आईबापांच्या लाडामुळे ती उत्पन्न होत नाही. हे नाव अलीकडचे असले तरी अवस्था जुनीच आहे. १९०२ साली लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालवैद्यांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते.

ही मुले किती असतात? जगभरातील शंभरांहून अधिक पाहण्यांचा मेळ २००७ साली घालण्यात आला, तेव्हा मुलांमधील प्रमाण शेकडा ५ च्या किंचित वर निघाले. चाळीस मुलांचा वर्ग डोळ्यांपुढे आणला, तर त्यात अशी सरासरी दोन मुले असणार. एवढ्या मोठ्या संख्येला दुर्मिळ कसे म्हणावे? मात्र सर्वत्र हाच आकडा येतो असे नाही. कोइमतूर येथील प्राथमिक शाळांतील पाहणीत, जी २०१३ साली प्रसिद्ध झाली, तो ११ च्या पुढे गेला. कोणी केवळ शिक्षकांना प्रश्न विचारून गणती करतो, तर कोणी प्रत्येक मुलाची तपासणी करतो; साहजिकच उत्तरे निराळी येतात.

खोडी काढणे किंवा एखादे दिवशी लक्ष न लागणे म्हणजे हा विकार नव्हे. लक्षणे बारा वर्षांच्या आत दिसू लागलेली असावी लागतात. ती निदान सहा महिने टिकावी लागतात, आणि केवळ शाळेत नव्हे, तर घरीही आढळावी लागतात.

मुलींची नोंद मुलांपेक्षा कमी होते. धावपळ करणारा मुलगा साऱ्या वर्गाला दिसतो. खिडकीबाहेर पाहत स्वस्थ बसलेली, पाठातील एक ओळही कानांत न शिरलेली मुलगी कोणाला दिसत नाही. ती कोणाला त्रास देत नाही, म्हणून तिची चौकशीही होत नाही.

वयाबरोबर हात-पायांची चुळबूळ पुष्कळ ओसरते, पण मनाची अस्वस्थता अनेकांत उरते. प्रौढांमध्ये हे प्रमाण शेकडा अडीचच्या आसपास, म्हणजे चाळिसांत एक, असे मानतात. यांतील कित्येकांना आयुष्यभर त्याचा पत्ताही नसतो. मुलाला घेऊन डॉक्टरांकडे गेलेला एखादा बाप त्यांचे प्रश्न ऐकता ऐकता मध्येच थांबतो. आपल्या लहानपणी खाल्लेला मार त्याला आठवतो, आणि मुलाच्या आधी तो स्वतःचीच उत्तरे देऊ लागतो.