पिंजऱ्यातला वाघ, ब्राँझमधला वाघ

आंतवान-लुई बारी या फ्रेंच शिल्पकाराने रानातला वाघ उभ्या आयुष्यात पाहिला नाही. तरीही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात वन्यप्राण्यांच्या ब्राँझशिल्पांना मान मिळाला, तो प्रामुख्याने त्याच्यामुळे.

बारी पॅरिसच्या सोनाराचा मुलगा. पोरवयातच तो धातूवर कोरीवकाम करणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. पुढे रीतसर कलाशिक्षण घेतले, पण रोमला जाण्याची मानाची शिष्यवृत्ती काही मिळाली नाही. १८२३ पासून तो फोकोनिए या सराफाकडे लहान लहान प्राणी घडवू लागला. नमुने हवेत म्हणून ‘जार्दँ दे प्लांत’ उद्यानातल्या प्राणिसंग्रहालयात जायचा, आणि तिथलाच होऊन गेला.

चित्रकार देलाक्र्वा हा त्याचा तिथला सोबती. संग्रहालयातला सिंह मेला, तेव्हा देलाक्र्वाने चिठ्ठी धाडून बारीला तातडीने बोलावून घेतले. विच्छेदन चालू असताना बारी मापे घ्यायचा. त्याच्या वह्यांत चित्रांशेजारी आकडेच आकडे आहेत. प्राण्यांवर जीव पुष्कळांचा असतो. पंजा उचलताना कातडीखालचा कोणता स्नायू ताणला जातो, हे माहीत असणारे थोडे.

१८३१ च्या सरकारी कलाप्रदर्शनात त्याने गंगेतल्या सुसरीला फाडणारा वाघ मांडला. दोन वर्षांनी आला सापाला पंजाखाली दाबणारा सिंह. तो जवळून बघावा: ओठ मागे ओढलेले, नाकावर घड्या, नख्या बाहेर.

हा सिंह ब्राँझमध्ये ओतला ओनोरे गोनाँ या ओतारीने, मेणाच्या पद्धतीने. मेणाच्या प्रतिकृतीवर उष्णता सोसणारा लेप द्यायचा, तो भाजला की मेण वितळून वाहून जाते, आणि उरलेल्या पोकळीत तांबे-कथलाचा तप्त रस ओतायचा. चोळकालीन नटराजाच्या मूर्तीही याच तत्त्वावर घडल्या. केसाएवढी रेघसुद्धा धातूत उतरते, पण साचा फोडावाच लागतो. ओतकाम फसले की मेणापासून पुन्हा सुरुवात.

ऑर्लेआँच्या ड्यूकने त्याच्याकडून मेजवानीच्या टेबलासाठी नऊ शिल्पसमूह करवून घेतले. त्यांत मधोमध हत्तीवरून चाललेली वाघाची शिकार होती. १८३७ मध्ये प्रदर्शनाच्या परीक्षकांनी ते नाकारले. त्यांच्या लेखी हे सोनारकाम होते! दुखावलेला बारी पुढे बरीच वर्षे त्या प्रदर्शनाकडे फिरकला नाही.

मग त्याने स्वतःच ओतकाम करवून ब्राँझ विकायला सुरुवात केली. प्रत्येक नगावर कानस आणि रंगछटा मनासारखी होईपर्यंत तो सोडायचा नाही, त्यामुळे धंदा बसला. १८४८ मध्ये दिवाळे निघाले, मूळ नमुने धनकोच्या ताब्यात गेले आणि १८५७ मध्ये परत मिळाले. दरम्यान १८५४ मध्ये तो त्याच उद्यानातल्या निसर्गेतिहास संग्रहालयात प्राणिचित्रणाचा प्राध्यापक झाला. तरुण शिल्पकार रोदाँ हा त्याच्या वर्गातला एक विद्यार्थी.

बारीच्या जलरंगचित्रांतले वाघ मात्र मजेशीर ठिकाणी वावरतात. त्यांच्या मागचे खडक पॅरिसजवळच्या फोंतेनब्लोच्या जंगलातले आहेत. उन्हाळ्यात तो तिथे जाऊन रंगवत बसे.

खरे मोठे गिऱ्हाईक अखेर अटलांटिकपलीकडून आले. वॉशिंग्टनच्या कॉर्कोरन गॅलरीने त्याच्या प्रत्येक ब्राँझची एकेक प्रत मागवली आणि बाल्टिमोरच्या विल्यम वॉल्टर्सने त्याची शिल्पे जमवली. १८७५ मध्ये बारी वारला. परीक्षकांनी नाकारलेली ती वाघाची शिकार आज बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयात आहे.