विश्लेषण : थिएटरातला ‘धडाम’ मोबाइलवर जातो कुठे?

थिएटरात इमारत कोसळते तेव्हा ढोलपथकासमोर उभे राहिल्यासारखे छातीत धडधडते. तोच प्रसंग मोबाइलवर पाहिला, की पत्र्याचा डबा पडल्यासारखे वाटते. मोबाइलचा स्पीकर इवलासा आहे, हे खरेच. पण अनेकदा तो आवाज मोबाइलपर्यंत आलेलाच नसतो.

‘पॉइंट वन’ म्हणजे काय?

‘५.१’ सराउंडमध्ये पाच मुख्य चॅनेल असतात. समोर डावा, मधला, उजवा आणि प्रेक्षकांच्या बाजूला दोन. ‘.१’ म्हणजे लो फ्रिक्वेन्सी इफेक्ट्स, स्टुडिओच्या भाषेत एलएफई. आपला कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो. डॉल्बी डिजिटलमधला हा चॅनेल मात्र १२० हर्ट्झपर्यंतचा खर्जच वाहून नेतो, म्हणून तो पूर्ण एक धरला जात नाही.

वेगळा चॅनेल कशाला?

खर्ज कानाला कमी ऐकू येतो, त्यामुळे तो जाणवायला भरपूर ताकद लागते. ती मुख्य चॅनेलमध्ये ओतली तर बाकी आवाजांना जागा उरत नाही. १९७४च्या ‘अर्थक्वेक’साठी युनिव्हर्सलने थिएटरात खास मोठे स्पीकर लावले होते. १९७७मध्ये ‘स्टार वॉर्स’च्या ७० एमएम प्रिंटमध्ये पडद्यामागचे दोन चॅनेल खर्जासाठीच वापरले गेले. ‘५.१’ हे नाव १९८७मध्ये टॉमलिन्सन हॉलमन यांनी सुचवले. आजही एलएफई मुख्य चॅनेलपेक्षा १० डेसिबल वर वाजवला जातो, म्हणजे शक्तीच्या हिशेबात दहापट.

गोंधळ कुठे होतो?

एलएफई म्हणजेच सबवूफर, असे समजण्यात. सबवूफर हा डबा, एलएफई हा ट्रॅक. घरातला होम थिएटर रिसीव्हर छोट्या स्पीकरना न झेपणारा, बहुधा ८० हर्ट्झखालचा आवाज मुख्य चॅनेलमधून काढून सबवूफरकडे वळवतो. म्हणजे बेस गिटार एलएफईमध्ये नसली तरी सबवूफरमधून वाजतेच. नवखे साउंड इंजिनीअर हे विसरतात आणि सगळा खर्ज ‘.१’मध्ये टाकून मोकळे होतात.

मग फटका बसतो. ५.१चे दोन चॅनेल करताना मधला आणि बाजूचे आवाज डाव्या-उजव्यात मिसळले जातात, पण एलएफई बहुतेक वेळा चक्क टाकून दिला जातो. त्यातही तथ्य आहे : एवढा जादा खर्ज छोट्या स्पीकरला झेपत नाही, तो फाटतो. पण स्फोटाचा जीव त्याच ट्रॅकमध्ये असेल, तर हेडफोन लावलेल्या प्रेक्षकाला तो कधीच ऐकू येणार नाही.

दोन्हीकडे टाकला तर?

इथे आणखी गंमत आहे. तोच स्फोट मुख्य चॅनेलमध्ये ठेवून त्याची प्रत फिल्टर लावून एलएफईला पाठवली, तर फिल्टरमुळे लहरींचा ताळमेळ बदलतो. रिसीव्हरने दोन्ही सबवूफरमध्ये एकत्र केले, की एकीचा चढ दुसरीच्या उतारावर येऊन काही सूर खाल्ले जाऊ शकतात. खर्ज वाढवायला जावे आणि तो कमी व्हावा! म्हणून जाणकार इंजिनीअर एलएफईसाठी वेगळीच गुरगुर तयार करतात आणि मिक्स रिसीव्हरसारख्या सेटिंगवरही ऐकतात.

मोबाइलसाठी काय करतात?

मोबाइलच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झ निघतच नाही. पण ५०च्या पटीतले वरचे सूर, २००, २५०, ३०० हर्ट्झ असे, ऐकवले तर मेंदू खालचा सूर आपणच भरून काढतो. त्यामुळे स्फोटात हे वरचे सूर मुद्दाम मिसळले जातात, तेही मुख्य चॅनेलमध्ये. त्यानंतरची चाचणी साधी : एलएफई म्यूट करायचा आणि सगळा प्रसंग पुन्हा ऐकायचा. इमारत तरीही कोसळल्यासारखी वाटली, तरच मिक्स पुढे जातो.