वाहनाच्या इंजिनातील शीतद्रवाचे अभिसरण : नांदेड-लातूर परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
नांदेडचा पारा मे महिन्यात ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. अशा दिवसांत रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडून उभे असलेले वाहन व रेडिएटरमध्ये बोअरचे पाणी ओतणारा चालक हे परिचित दृश्य होय. हा तात्कालिक उपायच पुढील बिघाडाचे कारण कसा ठरतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

अभिसरणाचा मार्ग :
इंधनातून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता शीतद्रवाला वाहून न्यावी लागते. इंजिनाच्या शक्तीवर चालणारा पंप हा द्रव सिलिंडरभोवतालच्या पोकळ्यांत ढकलतो. तेथून तो सिलिंडर हेडमार्गे थर्मोस्टॅटपाशी येतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट बंद असतो आणि द्रव उपमार्गाने पंपाकडे परततो. साधारणतः ८० ते ९० अंशांवर थर्मोस्टॅटमधील मेण वितळून प्रसरण पावते, झडप उघडते व द्रव रेडिएटरकडे वळतो. तेथील बारीक नळ्यांतून जाताना तो उष्णता हवेस देतो आणि थंड होऊन पुन्हा पंपाकडे येतो.

दाबाचे कार्य :
लातूर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर असल्याने तेथे उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. रेडिएटरचे झाकण आतील दाब वाढवून हा उत्कलनबिंदू १०० अंशांच्या बराच वर नेते. म्हणूनच तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडल्यास दाब एकदम कमी होऊन द्रव उसळतो व चालक भाजतो.

बोअरच्या पाण्याचा परिणाम :
मराठवाड्यातील बेसाल्ट खडकात मुरलेल्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार असतात. असे दुष्फेन पाणी तापले की कॅल्शियम कार्बोनेटचा थर धातूवर बसतो. ॲल्युमिनियमच्या तुलनेत या थराची उष्णतावाहकता शतांशाच्या आसपास असते. परिणामी द्रव फिरत असूनही उष्णता बाहेर पडत नाही. पुढे नळ्या अरुंद होऊन अभिसरणही मंदावते. त्यावर उपाय म्हणून काही वेळा थर्मोस्टॅटच काढून टाकला जातो. तथापि त्याने साचलेला थर जात नाही. उलट हिवाळ्यात इंजिन पुरेसे तापत नाही, इंधन अधिक जळते व झीज वाढते.

समारोप :
एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात पाणी टँकरने घरोघरी पोहोचते, तेथे त्या टँकरचे इंजिन बंद पडणे ही केवळ चालकाची अडचण राहत नाही. उत्पादकाने सांगितलेला शीतद्रव ऊर्ध्वपातित पाण्यात योग्य प्रमाणात मिसळून वापरणे, त्याची पातळी इंजिन थंड असताना पाहणे आणि तो ठरावीक मुदतीत बदलणे, हे कमी खर्चाचे उपाय होत. अडचणीच्या वेळी साधे पाणी घातलेच, तर पुढे ते काढून यंत्रणा स्वच्छ करून घेणे आवश्यक ठरते.